बावीस कोरडे ऑक्टोबर

गेल्या बावीस वर्षांत त्या बेटावर ऑक्टोबर महिन्यात पावसाचा एक थेंबही पडला नव्हता. निदान वेधशाळेच्या वहीत तरी पडला नव्हता. बेटावरच्या कोंबड्यांना विचारलं असतं, तर त्यांनी वेगळं सांगितलं असतं. ऑक्टोबरात त्या खुराड्यातून बाहेर यायच्या त्या पोहतच, आणि पिल्लं आतून कानोसा घेऊन अंडं फोडायचं नोव्हेंबरवर ढकलायची. पाऊस वरून पडतो ही समजूत इतर गावांची. इथे तो समोरून यायचा, अंगावर उधारी असल्यासारखा, आणि छत्री डोक्यावर न धरता ढालीसारखी पुढे धरावी लागे. पण वेधशाळा सरकारी आणि कोंबड्या खाजगी, तेव्हा कोणाचं खरं मानायचं हा प्रश्न कधी निघालाच नाही.

वेधशाळा म्हणजे टेकडीवरची दीड खोली. अर्ध्या खोलीत टेबल, टेलिफोन, भिंतीवर हवेचा दाब दाखवणारी तबकडी आणि गुडघा लावल्याशिवाय न उघडणारं लोखंडी कपाट. उरलेल्या एका खोलीत थेंबमास्तरांचा संसार. अंगणात तारेच्या कुंपणात पर्जन्यमापक उभा: वर नरसाळं, आत बाटली. रोज सकाळी साडेआठला मास्तर ती बाटली काढत, काचेच्या मोजपात्रात पाणी ओतत, गुडघे वाकवून डोळा पाण्याच्या रेषेला आणत आणि आकडा वाचत. डोळा रेषेला आला की त्यांचं तोंड आपोआप उघडे, त्यामुळे मास्तर सरकारी पाऊस पितात असा बेटावर प्रवाद होता. पण माणूस काटेकोर. एकदा बाटलीत बेडूक निघाला, तर त्यांनी आधी बेडूक निथळून घेतला, मग पाणी मोजलं, आणि शेऱ्यात लिहिलं: ‘बेडूक वजा.’ थेंबमास्तर हे नाव तेव्हापासूनचं.

हा काटेकोरपणा अकरा महिने चाले. ऑक्टोबरात बेटावर राहण्यात काही अर्थ नसे. समुद्र पिसाळे, लाँच दोरखंडांनी जखडून ठेवली जाई, आणि ज्याला पलीकडे कोणी आहे तो पलीकडे जाई. मास्तरही दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या लाँचने बायको आणि लेकीला घेऊन पलीकडच्या किनाऱ्यावर मेहुण्याच्या घरी जात, ते नोव्हेंबरच्या पहिल्या लाँचने परत येत. रजा रीतसर मंजूर असे. बदली माणूससुद्धा मंजूर होता, फक्त नेमलेला नव्हता.

प्रश्न उरे तो ऑक्टोबरच्या तक्त्याचा. पहिल्या वर्षी मास्तरांनी तो कोरा पाठवला. मुख्य कचेरीने लाल शाईत शेरा मारून परत केला: ‘कोणताही रकाना रिकामा ठेवू नये.’ मास्तर दोन दिवस जेवले नाहीत धड. खोटा आकडा लिहिणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पाच लिहावं, तर पाच पडला होता कशावरून? पन्नास लिहावं, तर पुरावा काय? शेवटी त्यांना तोड सापडली. शून्य हा काही आकडा नव्हे. शून्य म्हणजे रिकामी जागाच, फक्त भोवती कुंपण घातलेली. त्यांनी एकतीस शून्यं काढली आणि तक्ता मुकाट्याने मंजूर झाला. पुढे पुढे तर ते निघायच्या आधीच, इकडे बायको ट्रंक भरत असताना, तिकडे पुढच्या महिन्याची शून्यं काढून ठेवू लागले. लेक लहान होती तेव्हा तिलाही काढायला देत. तिची शून्यं बापापेक्षा गोल यायची.

अशी बावीस वर्षं गेली. लेक मोठी झाली, लग्न करून लांबच्या थंड देशात गेली. मग मुख्य कचेरीत संगणक बसला, त्याने सगळ्या वह्या गिळल्या आणि पर्यटन खात्यासाठी एक गुळगुळीत रंगीत पत्रक बाहेर टाकलं. ते लाँचने बेटावर आलं आणि बेटावर लॉज चालवणाऱ्या बाईंनी, म्हणजे लॉजवालीने, ते टेकडी चढून मास्तरांच्या टेबलावर ठेवलं.

“वाचा मास्तर. चष्मा लावून वाचा.”

मास्तरांनी वाचलं. ‘बेटाला भेट देण्याचा सर्वोत्तम काळ: ऑक्टोबर. वर्षातला एकमेव संपूर्ण कोरडा महिना. समुद्र शांत, वारा मंद. फेब्रुवारी: दोन मिलिमीटर पाऊस, शक्यतो टाळावा. आधार: बेट वेधशाळेच्या बावीस वर्षांच्या अखंड नोंदी.’

‘अखंड’ या शब्दाशी मास्तरांचा डोळा अडखळला तो निघेना.

“माझ्या अठराच्या अठरा खोल्या ऑक्टोबरसाठी लागल्यात,” लॉजवाली म्हणाली. “तीस वर्षं मी ऑक्टोबरात गाद्या माळ्यावर टांगते, खाली भिजतात म्हणून. आता त्यांच्यावर माणसं झोपवायची म्हणता?”

“अहो, मी कुठे म्हणतोय? खातं म्हणतंय.”

“खातं तुमच्याच तोंडाने बोलतंय.”

मास्तर कळवतो म्हणाले. आणि त्यांनी खरंच कळवलंही असतं, पण चार दिवसांनी लेकीचा फोन आला.

नऊ वर्षांत लेक आली नव्हती. कधी नोकरी नवी, कधी बाळ लहान, कधी जावयाची सुट्टी आणि हिची सुट्टी एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या. नात सहा वर्षांची झाली होती आणि मास्तरांनी तिला अजून फोनच्या काचेपलीकडूनच पाहिलं होतं. तिची उंची त्यांना ठाऊक होती, लेक कळवायची तशी ते दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण करत. पण मुलगी नसताना केलेली ती खूण.

“बाबा, आम्ही येतोय! तिघंही! नऊ ऑक्टोबरला पलीकडे उतरतो, सतराला परत. आठ दिवस बेटावर!”

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. “ऑक्टोबर? अगं, ऑक्टोबरात कशाला? फेब्रुवारीत या की.”

“फेब्रुवारीत पाऊस असतो ना तिथे! पत्रकात दिलंय. आणि बाबा, खाली तुमच्या वेधशाळेचं नाव आहे. मी इथे ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. म्हटलं, हे माझ्या वडिलांनी मोजलंय. बावीस वर्षं, एक दिवस न चुकता.”

लेकीला शंका यायचं कारणच नव्हतं. जन्मात ती एकही ऑक्टोबर बेटावर राहिली नव्हती. ऑक्टोबर म्हणजे मामाकडे जायचा महिना, यापलीकडे तिला त्याची माहिती नव्हती.

“बाबा? ऐकू येतंय ना?”

“येतंय, येतंय. या. या तुम्ही.”

फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, “सांगितलंत का तिला?”

“सांगतो ना. एकदम कसं सांगायचं? आणि त्यात अवघड काय आहे? आपण नेहमीसारखे सप्टेंबरअखेर तुझ्या भावाकडे जाऊ. ती तिथेच उतरणार. तिथेच भेटू. बेट कुठे पळून जातंय!”

तोड इतकी सोपी होती की मास्तरांनी त्या खुशीत चौकटीवरची पेन्सिलीची खूण शाईने पक्की केली. आठ दिवसांनी रजेचा अर्ज परत आला. ‘ऑक्टोबर हा आता बेटाचा मुख्य हंगाम असल्याने निरीक्षकास त्या महिन्यात रजा देता येत नाही. पर्यटकांच्या बोटीसाठी रोज सकाळी नऊच्या आत पावसाचा आकडा दूरध्वनीने कळवावा. आकडा मिळाल्याशिवाय बंदरातून बोट सुटणार नाही.’

मास्तरांनी तो कागद बायकोला दाखवला. तिने तो वाचला आणि घडी घालून परत दिला. मग ट्रंक ओढली.

“म्हणजे तू जाणार?”

“न जाऊन? माझी नात येतेय.”

“आणि मी?”

“तुम्ही बसा. शून्यं तुम्ही काढलीत, मी नाही.” हे ती रागाने म्हणाली नाही, हीच पंचाईत होती. रागावली असती तर मास्तरांना उलट काही बोलता आलं असतं. तिने त्यांच्यासाठी बारा डबे भरून ठेवले, कोणता आधी खायचा तशी चिकटपट्टी लावली, आणि सप्टेंबरच्या शेवटच्या लाँचने गेली.

त्याच लाँचने पहिला पाहुणा उतरला. गणिताचे निवृत्त प्राध्यापक, हातात पत्रक, डोक्यावर उन्हाची टोपी. लॉजवालीने त्यांना सात नंबरची खोली दिली, कारण ती सगळ्यांत कमी गळायची.

एक ऑक्टोबरला पाऊस आला. असा आला की लाँचवाल्याची छत्री उलटी झाली, तळ्यासारखी भरली, आणि लॉजवालीचं बदक तिच्यात बसून घाटापर्यंत वाहत गेलं. दोन तारखेला वेधशाळेच्या छपरावरचा वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा उडाला तो थेट लॉजच्या छपरात रुतला, आणि म्हणतात की तिथूनही दिशा बरोबरच दाखवत होता. मास्तरांनी साडेआठला बाटली काढली. बावीस वर्षांत प्रथमच ते ऑक्टोबरात मोजत होते. त्यांनी मुख्य कचेरीला फोन लावला. तिकडे आकडे उतरवून घेणारी मुलगी होती, आवाजाने हसरी.

“बोला काका, आजचा आकडा?”

“एकशे एक्केचाळीस.”

टकटक झालं. पुन्हा टकटक. “काका, मशीन घेत नाहीये. लाल होतंय.”

“लाल म्हणजे?”

“म्हणजे ते म्हणतंय, इथे ऑक्टोबरात पाऊस पडत नाही. चूक दुरुस्त करा म्हणतंय.”

“बाळ, मी अंगणात गुडघाभर पाण्यात उभा होतो आत्ता.”

“माझा विश्वास आहे काका. पण त्याचा नाही.”

“मग काय करायचं?”

“मी ‘प्रलंबित’ ठेवते.”

असं रोज होऊ लागलं. खरा आकडा मशीन घेईना, आणि आकड्याशिवाय बोट सुटेना. एका परीने बरंच होतं. त्या समुद्रात बोट सुटूच नये अशी मास्तरांची इच्छा होती. प्राध्यापक रोज दहा वाजता, कोपरापर्यंत चिखलात माखून, टेकडी चढून तक्रार करायला येत.

“निरीक्षक, हा प्रकार शक्य नाही. बावीस वर्षांची सलग नोंद पाहता आज पाऊस पडण्याची शक्यता शून्य आहे.”

“पण पडतोय ना सर.”

“ती वेगळी गोष्ट.” प्राध्यापकांनी टोपी पिळली. “पडतोय हे मला दिसतंय. मी शक्यतेबद्दल बोलतोय.”

मास्तरांनी त्यांना बायकोच्या तिसऱ्या डब्यातलं काढून दिलं. दोघे जेवायला बसले. खाताना मास्तरांच्या एकदा जिभेवर आलं होतं की सर, ती शून्यं माझी आहेत, रजेतली आहेत. पण इतका समजूतदार माणूस बावीस वर्षांच्या आधारावर घर सोडून आलेला. गिळलं ते घासाबरोबर.

नऊ तारखेला लेक, जावई आणि नात पलीकडे उतरली. फोनवर आधी नात आली.

“आजोबा, तुम्ही तिथून दिसत नाही.”

“पाऊस आहे ना मधे. कमी झाला की दिसेन.”

“आई म्हणते तुम्ही पाऊस मोजता. कसा मोजता? तो तर वाहून जातो.”

मग मास्तर खुलले. बाटली कशी घ्यायची, तोंड आणि बूड सारख्या रुंदीचं हवं. छपराखाली नाही, झाडाखाली नाही, उघड्यावर ठेवायची. सकाळी बरोबर साडेआठला पट्टी लावायची, डोळा पाण्याच्या रेषेत आणायचा.

“रोज?”

“रोज.”

“कंटाळा आला तरी?”

“तरी,” मास्तर म्हणाले, आणि कानाच्या पाळ्या का तापल्या हे नातीला फोनवरून दिसण्यासारखं नव्हतं.

दिवस जाऊ लागले. दहा, अकरा, बारा. बंदरावर पर्यटन खात्याची मोठी पांढरी बोट उभी आणि दीडशे माणसं धर्मशाळेसारखी बाकांवर पसरलेली. लेक रोज सकाळी फोन करी. आवाज रोज थोडा लहान होई. “बाबा, उद्या तरी?” आणि मास्तर आभाळाकडे बघून म्हणत, “बघू.” तेरा तारखेला त्यांनी धीर करून मुख्य कचेरीतल्या मोठ्या साहेबांना फोन लावला आणि एका दमात सगळं ओकले. ऑक्टोबरातली सगळी शून्यं आपण बेटावर नसताना काढलेली आहेत, पत्रक चुकलंय, पत्रक मागे घ्या.

“हे तुम्ही मला सांगितलं नाहीत.”

“आत्ताच सांगितलं की साहेब.”

“नाही सांगितलंत. नीट ऐका मास्तर. तुमची निवृत्ती दोन वर्षांवर आलीये, माझी बढती दोन महिन्यांवर. आणि बावीस वर्षांची सरासरी अशी फोनवर मागे घेता येत नाही. तिला समिती लागते. समिती फेब्रुवारीत बसते.”

“का?”

“हवा बरी असते तेव्हा.”

चौदा तारखेला सकाळी पाऊस थांबला.

थांबला म्हणजे कोणी नळ बंद करावा तसा. मास्तरांनी बाटली काढली. मोजपात्र वीस मिलिमीटरचं. दहा वेळा भरून ओतलं, अकराव्यांदा बारावर राहिलं. दोनशे बारा. मान वर केली तर समोर पलीकडचा किनारा! पुसलेल्या पाटीसारखा स्वच्छ. त्यांनी धावत जाऊन कपाटाला गुडघा लावला, दुर्बीण काढली आणि धक्का शोधला. आदल्या दिवशी नातीने सांगितलं होतं, “मी पिवळा रेनकोट घालून उभी राहीन आजोबा, हात हलवीन.” दुर्बिणीत धक्का आला. सगळा धक्का पिवळा होता. बंदरावरच्या दुकानात रेनकोट एकाच रंगाचे असणार आणि दीडशे माणसांनी ते घेतले असणार. पिवळे ठिपके, त्यांतले काही लहान, आणि सगळेच हात हलवत होते. मास्तरांनी प्रत्येक लहान ठिपक्याला उलटा हात केला. कोणती तरी त्यांतली त्यांची असणारच.

टेलिफोन वाजला. मोठे साहेब स्वतः, आज बंदर कचेरीतून.

“मास्तर, उघडलं म्हणे तिकडे. शाब्बास. आता एक शून्य सांगा. मशीन लगेच घेईल, बोट पाच मिनिटांत सुटेल.”

“साहेब, दोनशे बारा आहे.”

“ते कालपासूनचं झालं. आत्ता पडतोय का?”

“आत्ता नाही.”

“मग? आत्ताचं सांगा. खोटं थोडंच आहे?”

मास्तरांनी भिंतीवरच्या तबकडीकडे पाहिलं. काटा चढायला हवा होता, तो आणखी खाली बसला होता. खिडकीतून दक्षिणेकडे पाहिलं. तिथे आभाळ जांभळं होतं, दाबून ठेवल्यासारखं. मधल्या पाण्यात लाटांचे पांढरे कंगोरे उठत होते. पाऊण तासाचं पाणी. पाऊण तास हवा अशी राहील? राहीलही. नाही राहिली तर?

“थांबा,” साहेब म्हणाले, “तुमची मुलगी इथे बंदर कचेरीतच उभी आहे. तिच्याशी बोला.”

“बाबा.” लेकीचा श्वास लागलेला. “बाबा, आत्ता पडत नाहीये ना?”

“नाही पडत.”

“मग सांगा ना शून्य. आम्ही पाऊण तासात येतो. तीन दिवस तरी मिळतील. ती सकाळपासून धक्क्यावरून हलली नाहीये हो.”

“अगं, तबकडी खाली आहे. दक्षिणेला…”

“बाबा, पत्रकात बावीस वर्षं समुद्र शांत आहे!”

आता वाट उरली नव्हती. “ती शून्यं मी मोजलेली नाहीत, बाळ. मी बेटावर नसायचो. आपण कुठे असायचो ऑक्टोबरात? आठव.”

“मामाकडे.” ती थांबली. “मामाकडे तर पाऊस… आम्ही गॅलरीत होड्या सोडायचो.” पुन्हा थांबली. “ट्रंक भरताना तुम्ही मला कागद द्यायचात. गोल काढ म्हणायचात.”

“हो.”

“ती हीच?”

“हीच.”

तिकडे दीडशे माणसांचा कलकलाट ऐकू येत होता. मग लेक हळूच म्हणाली, “बावीस वर्षं जमलं तुम्हाला. आणि खरं लिहायचं ते नेमकं आजच?”

मास्तरांनी तोंड उघडलं. मोजपात्रासमोर उघडं पडायचं तसंच ते उघडं राहिलं. मग साहेबांचा आवाज परत आला, “बोला मास्तर, काय लिहू?”

“दोनशे बारा.”

“विचार करा.”

“दोनशे बारा, साहेब.”

आता कोणी म्हणेल, पुढच्या दहा मिनिटांत वादळ फुटलं असेल, सगळ्यांनी मास्तरांचे पाय धरले असतील. तसं काही झालं नाही. हवा उघडी राहिली. पाऊण तास राहिली, दीड तास राहिली, चक्क तीन तास राहिली. लॉजवालीने गाद्या उन्हात टाकल्या आणि त्या वाळल्यासुद्धा. प्राध्यापक टोपी घालून समोर आले आणि म्हणाले, “पाहिलंत? सरासरी.” मास्तर अंगणात दुर्बीण धरून उभे. एकेक पिवळा ठिपका धक्क्यावरून आत जात होता. एक लहानसा शेवटपर्यंत राहिला, किंवा ते खांबाला अडकलेलं कापड असेल. बोट तीन तासांत येऊन परत गेली असती. टेकडीखाली लाँचवाला दोर आवळत होता. मास्तरांनी वरूनच विचारलं, “गेली असती का रे?”

“गेली असती की,” लाँचवाला म्हणाला. मग पाण्याकडे बघून म्हणाला, “नसतीही गेली. ते बोट सोडल्यावर कळतं मास्तर, त्याच्या आधी नाही.” एवढं बोलून तो पुन्हा दोर आवळू लागला.

बारा वाजता पाऊस परत आला तो सतरा तारखेपर्यंत हलला नाही. सतराला लेकीचं विमान होतं. तिने फोन केला, पण बोलण्यात काही नव्हतं. पोचल्यावर कळवते म्हणाली. मास्तरांनी विचारलं, “फेब्रुवारीत?” ती म्हणाली, “फेब्रुवारीत हिची शाळा असते, बाबा.” जावयाने मागून ‘नमस्कार’ म्हटलं. नात झोपली होती.

एकतीस तारखेपर्यंत मास्तर साडेआठला मोजत राहिले. शेवटचा डबा संपला, प्राध्यापक दुसऱ्या कुणा बेटाचं पत्रक वाचू लागले. महिन्याचा तक्ता लाँच सुरू झाल्यावर पाठवला, तो मुख्य कचेरीतून उलटटपाली परत आला नाही, हेच नवल. समितीची वाट न पाहता साहेबांनी खास सवलत देऊन ते आकडे घेतले होते, बावीस कोरड्या वर्षांत मिसळले होते, शिवाय ‘अपवादात्मक’ म्हणून त्यांतले मोठे आकडे वगळले होते. नव्या पत्रकाचा मसुदा पोचपावतीसोबत जोडला होता: ‘ऑक्टोबर: क्वचित एखादी आल्हाददायक सर. भेट देण्याचा सर्वोत्तम काळ.’ पुढच्या ऑक्टोबरच्या रजेबद्दल खाली आधीच नकार कळवला होता.

बायको त्याआधीच, नोव्हेंबरच्या पहिल्या लाँचने आली. त्या दिवशी ऊन असं लखलखीत की डोळे मिटावे लागत. मास्तरांनी ट्रंक उचलली. दोघं टेकडी चढली. घरात आल्यावर तिने पदराआडून एक सरळ बुडाची काचेची बाटली काढून टेबलावर ठेवली, आणि तिच्याखाली चौघडी घातलेला कागद.

“पोरगी मामाच्या गच्चीत ठेवायची. साडेआठला उठून. तिच्या बापाने सांगितलं झोप, तर ऐकेना.”

मास्तरांनी चष्मा पुसला. कागदावर वाकड्या अक्षरात तारखा एकाखाली एक: दहा, अकरा, बारा. पुढे आकडे, पट्टीने मोजलेले, काही खोडून पुन्हा लिहिलेले. चौदापुढे आकडा होता आणि कंसात ‘आता थांबला’. सोळापर्यंत सगळं भरलेलं. सतरापुढे काहीच नव्हतं.

“त्या दिवशी पहाटेच निघाले विमानतळाला,” बायको म्हणाली. “मी म्हटलं, अगं, रकाना रिकामा दिसतो, शून्य टाक. माझ्या तोंडाला सवयच झालीये तुमची. तर म्हणाली, नको आजी, मी बघितलंच नाही ना.”

मास्तरांनी कागदाच्या घड्या बोटाने सरळ केल्या. मग चौकटीकडे गेले. शाईच्या खुणेशेजारी कागद धरला, उगाच, उंची लावून पाहावी तसा. बायको चहा टाकायला आत गेली. बाहेर ऊन होतं, समुद्र शांत होता, वारा मंद होता, आणि पलीकडचा रिकामा धक्का दुर्बिणीवाचून दिसत होता.